सुगंधी तेल आणि डोळ्याची परीक्षा

पवित्र शास्त्रातील तोबीताची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. मृतांना माती देण्याचे पुण्यकर्म करून तो अंगणातील भिंतीलगत झोपला असता चिमण्यांची विष्ठा त्याच्या डोळ्यांत पडली आणि डोळ्यांवर पांढरी सारी आली. तो वैद्यांकडे गेला. त्यांनी मलमे लावली. पण जितकी मलमे लावावी तितकी दृष्टी अधिकच मंद होत गेली आणि अखेर तो आंधळा झाला. पुढे राफाएल देवदूताच्या सांगण्यावरून त्याच्या मुलाने माशाचे पित्त डोळ्यांना लावले आणि त्याला पुन्हा दिसू लागले.

या कथेतील माशाचे पित्त सर्वांच्या लक्षात राहते. वैद्यांची मलमे मात्र आपण विसरतो. सद्‌हेतूने लावलेले औषधसुद्धा डोळा घालवू शकते, ही गोष्ट त्या जुन्या ग्रंथाने स्पष्ट नोंदवून ठेवली आहे. तोबीताच्या घरी सांगणारा देवदूत होता. आपल्या फळीवरच्या बाटलीमागे असा देवदूत उभा नसतो. म्हणून आपल्याला परीक्षेचा मार्ग धरावा लागतो.

आज या विषयाकडे वळण्याचे कारण असे. बांधावर गवती चहा, माळावर रोशा गवत, कुंपणाला निलगिरी अशी सुगंधी पिके आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची आहेत. काही ठिकाणी शेतकरी एकत्र येऊन अर्क काढण्याची लहान भट्टी बसवतात. तेल निघाले की साबण करावा, डासांसाठी लावण्याचे मलम करावे, असे विचार सुरू होतात. मग कोणी तरी म्हणतो, "हे तर झाडपाल्याचे, यात अपाय कसला? डोळे चुरचुरतात त्यावरही चालेल." हे शेवटचे वाक्य धोक्याचे आहे. ते धोक्याचे का, आणि एखादे सुगंधी तेल डोळ्यास त्रास देते की नाही हे प्रयोगशाळेत कसे ठरवितात, ते या लेखात पाहू.

डोळ्याला तेल का झोंबते?

खोबरेल किंवा तिळाचे तेल आणि गवती चहाचे तेल यांना आपण एकाच नावाने 'तेल' म्हणतो, पण त्यांची जात निराळी आहे. खोबरेल कागदावर पडले तर डाग राहतो, सुगंधी तेल बहुतांशी उडून जाते. गवती चहाच्या तेलात सिट्रल, निलगिरीच्या तेलात सिनिओल, लवंगेच्या तेलात युजेनॉल ही मुख्य द्रव्ये असतात. झाड ही द्रव्ये आपल्या सोयीसाठी बनवीत नाही. किडीने पान खाऊ नये, बुरशीने धरू नये, यासाठीही ती त्याच्या उपयोगी पडतात. जे द्रव्य किडीला जाळते ते आपल्या डोळ्याला गोंजारील, अशी अपेक्षा कशी धरावी?

डोळ्याच्या पुढच्या भागी जे काचेसारखे पारदर्शक पटल असते त्याला पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाचसहा कागद एकावर एक ठेवावे इतकीच. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ते स्वच्छ दिसते. मात्र मज्जातंतू विपुल आहेत, म्हणून कुसळ गेले तरी माणूस कळवळतो. वरच्या बाजूस पेशींचे काही थर आणि त्यांच्यावर अश्रूंचा पातळ लेप असतो. सुगंधी तेल पेशीच्या स्निग्ध आवरणात सहज विरघळते आणि ते आवरण फोडते. इजा वरच्या थरापुरती राहिली तर ती बहुधा थोड्या दिवसांत भरून येते. ती खालच्या जाड थरात उतरली तर पटल सुजते, गढूळ होते आणि कायमचा पांढरा व्रण राहू शकतो. इजा किती खोल गेली, यावरच पुढचे सारे अवलंबून असते. प्रयोगशाळेतील सर्व परीक्षा याच एका प्रश्नाचे उत्तर शोधतात.

सशाच्या डोळ्यावरील परीक्षा

अमेरिकेत 1933 साली 'लॅश ल्युअर' नावाचा पापण्यांचे केस रंगविण्याचा रंग विकला जात होता. त्यात पॅराफेनिलिनडायअमिन हे द्रव्य होते. या रंगामुळे काही स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, काहींची दृष्टी गेली. त्या वेळी सौंदर्यप्रसाधने बाजारातून काढून घेण्याचा अधिकार तेथील सरकारला नव्हता. 1938 साली नवा कायदा झाला तेव्हा तो मिळाला. (हेच द्रव्य आजही केस काळे करण्याच्या पुष्कळ रंगांत आणि 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत असते. म्हणून केसांचा रंग भुवयांना किंवा पापण्यांना कधीही लावू नये.)

कायदा झाला, पण एखादा पदार्थ डोळ्याला किती अपाय करतो हे मोजण्याची पद्धत हवी होती. 1944 साली अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध खात्यातील जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. सशाची खालची पापणी किंचित ओढून त्या खोबणीत पदार्थाचे 0.1 मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब, सोडावयाचे. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवावयाचा. आणि ठरावीक वेळांनी डोळा तपासून गुण द्यावयाचे. पारपटलाच्या गढूळपणाला जास्तीत जास्त 80, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला 10 आणि पापणीच्या आतील नाजूक त्वचेची लाली, सूज व स्राव यांना 20, असे एकूण 110 गुण. जितके गुण अधिक तितका पदार्थ वाईट.

ही पद्धत जगभर पसरली. 1981 साली आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) तिला 405 या क्रमांकाची मार्गदर्शिका म्हणून मान्यता दिली. त्यात डोळा 1, 24, 48 आणि 72 तासांनी पाहावयाचा आणि जखम भरते की नाही हे कळण्यासाठी 21 दिवसांपर्यंत लक्ष ठेवावयाचे, असे सांगितले आहे.

पण या परीक्षेत दोन उणिवा होत्या. पहिली उणीव शास्त्राची. सशाला तिसरी पापणी असते, तो माणसापेक्षा फार कमी वेळा डोळे मिचकावतो, आणि त्याचे पारपटल आपल्यापेक्षा पातळ असते. शिवाय गुण देणारे डोळे माणसाचे! 1971 साली वाइल आणि स्काला या शास्त्रज्ञांनी तेच ते पदार्थ अनेक प्रयोगशाळांकडून तपासून घेतले, तेव्हा एका ठिकाणी सौम्य ठरलेला पदार्थ दुसऱ्या ठिकाणी तीव्र ठरल्याचे आढळले.

दुसरी उणीव दयेची. जळजळणारा थेंब डोळ्यात घेऊन पडून राहणाऱ्या मुक्या जिवाचे काय? 1980 साली हेन्री स्पिरा या अमेरिकन शिक्षकाने या प्रश्नावर मोठी चळवळ उभारली. वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन त्याने प्रसाधने बनविणाऱ्यांना जाब विचारला. त्यानंतर पर्यायी परीक्षा शोधण्यासाठी पैसा उभा राहू लागला आणि 1981 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यासाठी खास केंद्र निघाले. सशावरील परीक्षेचे नियमही पुढे सौम्य झाले. तीव्र आम्ल व तीव्र अल्कली डोळ्यात घालून पाहण्याची गरज नाही, प्राण्यांची संख्या कमी असावी, आणि 2012 सालच्या सुधारणेनुसार आधी वेदनाशामक व बधिर करणारे औषध द्यावे, असे ठरले.

पवित्र सभेची शिकवण काय?

या बाबतीत पवित्र सभा दोन्ही टोके टाळते. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात 2415 ते 2418 या परिच्छेदांत हा विषय येतो. माणसाचे प्राण वाचविण्यास किंवा त्याची शुश्रूषा करण्यास उपयोगी पडणारे प्राण्यांवरील प्रयोग, वाजवी मर्यादेत राहिले तर, नैतिकदृष्ट्या स्वीकार्य आहेत. पण प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, असा त्याचा आशय आहे. परमेश्वराने सृष्टी आपल्या हाती सोपविली ती राखणदार म्हणून, मन मानेल तशी उधळण्यासाठी नव्हे. औट्याला बैल जुंपणारा शेतकरी ही गोष्ट पुस्तक न वाचताही जाणतो. तो बैलाकडून काम घेतो, पण त्याच्या खांद्याला जखम झाली तर जू काढून ठेवतो.

मग प्रश्न उरतो 'वाजवी मर्यादे'चा. त्याच माहितीसाठी दुसरा मार्ग उपलब्ध असेल, तर सशाला त्रास देणे वाजवी ठरत नाही. आणि आता तसे मार्ग आहेत.

नवे मार्ग

*कसाईखान्यातील डोळा.* मांसासाठी कापलेल्या गुरांचे डोळे एरवी फेकून दिले जातात. तेच ताजे डोळे प्रयोगशाळेत आणून त्यांचे पारपटल एका साच्यात बसवितात. द्रव पदार्थ त्यावर 32 अंश सेल्सिअसला 10 मिनिटे ठेवून धुऊन काढतात. पुढे दोन तासांनी पटलातून उजेड किती पार होतो ते यंत्राने मोजतात. नंतर फ्लुओरेसिन नावाचा पिवळसर रंग एका बाजूला घालून तो पलीकडे किती झिरपला ते पाहतात. पटल गढूळ झाले म्हणजे उजेड अडतो, पेशींचा बांध फुटला म्हणजे रंग झिरपतो. दोन्हींचा मिळून आकडा 3 किंवा त्याहून कमी आला तर पदार्थाला धोक्याची चिठ्ठी लागत नाही. 55 च्या वर गेला तर तो डोळ्याला गंभीर इजा करणारा ठरतो. मधल्या आकड्यांवरून निकाल देत नाहीत, दुसरी परीक्षा घेतात. ही पद्धत 2009 साली ओईसीडीने स्वीकारली. त्याच वर्षी कोंबडीच्या डोळ्यावरील तशीच परीक्षाही मान्य झाली.

*कोंबडीचे अंडे.* उबवणीला ठेवलेले अंडे उजेडापुढे धरून पाहण्याची रीत आमच्या भगिनींना नवी नाही. आत लाल शिरांचे जाळे दिसते. सुमारे नऊ दिवस उबलेल्या अंड्याचे वरचे कवच काढून त्या जाळ्यावर पदार्थ ठेवतात आणि 5 मिनिटे पाहतात. रक्तस्राव होतो का, शिरा विरघळतात का, रक्त गोठते का, आणि हे किती सेकंदांत होते, यावरून त्रासाची पायरी ठरते. या वयाच्या गर्भाची वेदना जाणण्याची रचना अजून पुरी झालेली नसते, असे शास्त्रज्ञ मानतात. पण हासुद्धा सुरू झालेला जीव आहे, हे आम्ही विसरत नाही.

*पेशींचे पटल.* माणसाच्या पेशी वाढवून पारपटलाच्या वरच्या थरासारखे इवलेसे पटल काचेच्या भांड्यात तयार करतात. या परीक्षेला 2015 साली मान्यता मिळाली. पटलावर पदार्थ ठेवून, धुऊन, मग एक पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळा करतात, मेलेल्या पेशी करू शकत नाहीत. एका प्रचलित पद्धतीत 60 टक्क्यांहून अधिक पेशी जगल्या तर पदार्थाला डोळ्यासाठी धोक्याची चिठ्ठी लागत नाही. येथे सुगंधी तेलांची एक गंमत आहे. त्यांतील काही द्रव्ये स्वतःच तो रंग पालटू शकतात. मग पेशी मेल्या असूनही जिवंत भासतात! म्हणून आधीच मारलेल्या पेशींच्या पटलावरही तेच तेल घालून तुलना करावी लागते.

कोणतीही एक परीक्षा सर्व प्रश्नांचे उत्तर देत नाही. म्हणून 2022 साली अनेक परीक्षांचे निकाल एकत्र वाचण्याची पद्धतही ठरविण्यात आली. आपल्या देशात 2014 सालापासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर परीक्षा करण्यास कायद्याने बंदी आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

एका तेलाची हकीकत

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतातील एका झाडापासून 'टी ट्री' तेल काढतात. नावात 'टी' असले तरी ते चहाचे झाड नव्हे. साबण, मुरुमांची मलमे यांत ते आपल्याकडच्या दुकानांतही मिळते. माणसाच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म जीव राहतो. तो फार वाढला तर पापण्या सुजतात, खाजतात. 2005 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखविले की 50 टक्के टी ट्री तेलाने पापण्यांच्या कडा साफ केल्यास हा जीव कमी होतो. बातमी पसरली आणि लोक घरच्या घरी तेल लावू लागले.

2020 साली कॉक्रेन या संस्थेने या विषयावरील 6 चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत 562 प्रौढ रुग्ण होते. निष्कर्ष असा की, थोड्या काळात उपयोग होतो की नाही याबद्दलही खात्री देता येत नाही, आणि वापरावयाचेच झाले तर डोळ्याची जळजळ टाळण्यासाठी कमी तीव्रतेचे वापरणे बरे. त्याच वर्षी माणसाच्या पापणीतील तेलग्रंथींच्या पेशींवर एक परीक्षा झाली. त्या तेलातील मुख्य द्रव्य, टर्पिनेन-4-ऑल, जीव मारण्यास लागणाऱ्या तीव्रतेच्या दहापट ते शंभरपट कमी असतानाही या पेशींना घातक ठरले. या ग्रंथी अश्रूंवर स्निग्ध साय धरतात. त्या बिघडल्या तर डोळा कोरडा पडतो. म्हणजे किडा मारण्याच्या नादात कुंपणच जळावे, तसा हा प्रकार.

आम्ही त्या तेलाला वाईट म्हणत नाही. त्वचेवर त्याचे उपयोग असतील. पण त्वचा म्हणजे डोळा नव्हे, आणि डॉक्टरने मोजून लावणे म्हणजे आपण बाटलीतून ओतणे नव्हे.

आपल्या भट्टीवर आणि आपल्या घरात

आता आपल्या उपयोगाच्या गोष्टी सांगतो.

1. परीक्षा ज्या नमुन्याची झाली त्याच नमुन्याची खात्री देते. गवत केव्हा कापले, भट्टी किती वेळ चालली, तेल किती दिवस उघडे राहिले, यावर तेल बदलते. हवा व ऊन लागून जुने झालेले तेल अधिक झोंबते. म्हणून काळसर बाटलीत, काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून, थंड जागी ठेवावे व तारीख लिहावी.

2. परीक्षेत एखादे मिश्रण 'डोळ्यास त्रासदायक नाही' असे ठरले, तर त्याचा अर्थ चुकून उडाले तर इजा होणार नाही एवढाच. ते डोळ्यात घालण्याचे औषध ठरत नाही. डोळ्याचे औषध जंतुरहित असावे लागते, त्यातील क्षार अश्रूंशी जुळावे लागतात आणि ते परवानाधारक कारखान्यातच बनावे लागते. विक्रीसाठी साबण किंवा मलम करावयाचे तरी परवाना लागतो. समूहातील भगिनींनी आधी याची चौकशी करावी.

3. भट्टीतून तेलाबरोबर निघणारे सुगंधी पाणी किंवा घरचे गुलाबपाणी 'डोळ्यांना थंड' म्हणून घालू नये. ते जंतुरहित नसते.

4. भट्टी उघडताना व तेल ओतताना चष्मा घालावा. तेलाच्या हाताने घाम पुसू नये. डासांचे मलम लावल्यावर हात साबणाने धुवावे. लहान मुलांच्या तळहातांना व चेहऱ्याला ते लावू नये.

5. सुगंधी तेलाची थेंबाची बाटली आणि डोळ्याच्या औषधाची बाटली एका फळीवर कधीही ठेवू नये. दोन्ही दिसावयास सारख्या असतात, आणि रात्रीच्या अंधारात वृद्धांच्या हातून अदलाबदल होते.

6. तेल डोळ्यात गेलेच तर चोळू नये. ताबडतोब स्वच्छ पाण्याची धार सोडून, पापण्या उघड्या धरून, किमान 15 मिनिटे डोळा धुवावा. डोळ्यात लेन्स असेल तर काढावी. दूध, मध, तूप, खोबरेल यांपैकी काहीही घालू नये. त्यानंतरही लाली, दुखणे, अंधुक दिसणे किंवा उजेड सहन न होणे राहिले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. शेजाऱ्याकडे उरलेले थेंब मागून घालू नयेत.

डॉक्टर डोळ्यात पिवळसर रंगाचा एक थेंब घालून निळ्या उजेडात पाहतील. जेथे पेशी गेल्या तेथे हिरवी चमक दिसते. हाच तो फ्लुओरेसिन रंग, जो प्रयोगशाळेत गुरांच्या पारपटलातून झिरपतो की नाही ते पाहतात. प्रयोगशाळा आणि दवाखाना एकाच दिव्याने एकच जखम शोधीत असतात.

शेवटी

डिसेंबरच्या 13 तारखेला आपण संत लूसीचा सण पाळतो आणि डोळ्यांसाठी तिची मध्यस्थी मागतो. ही प्रार्थना जरूर करावी. पण ज्या दृष्टीसाठी आपण प्रार्थना करतो तीच दृष्टी पारख न केलेल्या थेंबाच्या हवाली करणे ही श्रद्धा नव्हे, ती निष्काळजी होय.

आपल्या मातीत उगवलेल्या गवताचा सुगंध ही देवाची देणगी आहे. तिचे चार पैसे व्हावेत, घरातील लेकरांच्या शिक्षणाला हातभार लागावा, अशी आमचीही इच्छा आहे. तेल जरूर काढावे, प्रामाणिकपणे विकावे. मात्र बाटलीवर मोठ्या अक्षरांत तीन शब्द लिहावयास विसरू नये: 'डोळ्यांपासून दूर ठेवा.' आणि पहिली बाटली भरण्यापूर्वी तेच तीन शब्द आपल्या घरातील सर्वांना वाचून दाखवावे.